रंग बदलला, लाकूड तेच

अमेरिकेत शिकारी लोक लाकडाची बदके रंगवून तळ्यात सोडतात. आभाळातली बदके त्यांना आपली भावंडे समजून खाली उतरतात, नि बंदुकीच्या टप्प्यात येतात. जात बदलायची झाली, की जुन्याच लाकडावर नवा रंग! मॅलार्ड बदकाचे ‘ब्लॅक डक’ होते.

आता कोणी पुसेल, महाराज, ही लबाडी नव्हे काय? सज्जनहो, निवाडा करू. ही जुनी बदके आता संग्राहक जपतात. एल्मर क्रोवेल ह्या कारागिराच्या एका बदकाला २००७ साली अकरा लाख डॉलरांवर किंमत आली. तेथे मोल मूळ रंगाला. म्हणून नवा रंग सांगून विकला तर व्यवहार, लपवून विकला तर चोरी. दोष रंगाचा नव्हे, लपविण्याचा.

इतके बोलून आम्ही उठणार होतो. पण मन उठू देईना. गिऱ्हाईक फसले तर दाद मागते. पाखरू कोणाकडे मागणार? त्याला पहिल्या रंगानेही फसविले, दुसऱ्यानेही. ज्याला पुसता येत नाही, त्याची फसवणूक आपण हिशेबातच धरीत नाही. वहीत मांडले नाही म्हणून ऋण फिटते का?