झोप कुणाच्या मालकीची?

मी तिसऱ्या पाळीचा माणूस. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर तुटलेले धागे जोडतो. दहावी नापास. पुढचं शिक्षण रद्दीच्या दुकानात झालं. भाषा खरबरीत वाटली तर चालवून घ्या.

माझी थोरली बहीण नर्स आहे. खाजगी दवाखान्यात रात्री 8 ते सकाळी 8. वॉर्डात एकटी. गेल्या पावसाळ्यात लागोपाठ सातव्या रात्री, पहाटे 4 च्या सुमाराला खुर्चीत तिचा डोळा लागला. दहा मिनिटं. तेवढ्यात एका म्हातारीचं सलाईन संपलं, नळीत रक्त चढलं. म्हातारीला काही झालं नाही. आक्काला मेमो मिळाला. वर ऐकवलं, "सवलतीतनं आलेल्यांचं असंच असतंय."

घरी येऊन ती म्हणाली, "मेमोचं काय न्हाई रं. पण ती म्हातारी माझ्या भरवशावर झोपली हुती."

हे वाक्य मला सोडत नाही. डोळा लागणं हा गुन्हा आहे का? असला तर कुणाचा?

शरीराची गोष्ट आधी. पहाटे 3 ते 5 च्या दरम्यान माणसाच्या अंगाची उष्णता सगळ्यात खाली जाते, सावधपणाही उतरतो. आतलं घड्याळ उजेड-अंधारावर चालतं. त्याची यंत्रणा शोधणाऱ्या तिघांना 2017 साली नोबेल मिळालं. सतरा तास सलग जागलेला माणूस थोडी दारू प्यायल्यासारखा चुकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2007 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये रात्रपाळीला कर्करोगाच्या संभाव्य कारणांत धरलं. यात जात नाही, सवलत नाही, आळस नाही. हाडामांसाचा कायदा आहे.

पण दिवसाची झोप सगळ्यांना सारखी मिळत नाही. ती बंद दाराच्या खोलीवाल्याला मिळते. आमची एक खोली, वर पत्रा, 11 ला नळाला पाणी.

तुमच्यातला कुणी म्हणेल, बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, आणि आपण झोपेचं रडगाणं गातो? मीही 14 एप्रिलला अठरा तास वाचायला बसलोय. पण ते जागणं बाबासाहेबांनी स्वतः निवडलं होतं, दुसऱ्याच्या डोक्यावर लादलं नव्हतं. 1942 ते 1946 ते मजूरमंत्री होते. 1946 च्या फॅक्टरी कायद्याच्या दुरुस्तीनं आठवड्याचे 54 तास 48 वर आले. स्वतः रात्र जाळणाऱ्या माणसानं कामगाराची रात्र वाचवली. आपण पहिलं तेवढं घेतलं, दुसरं विसरलो.

आता माझा गुन्हा सांगतो. मी गिरणीतनं येऊन आडवा झालो की आई गल्लीतल्या पोरांना गप्प करते. आक्का आली की तिच्या हातात घागर. दोघंही रातपाळीचे, पण झोपायचा हक्क एकट्या पुरुषाला. त्या दहा मिनिटांत दवाखान्याचा वाटा आहे, तसा माझाही आहे. वर्षानुवर्षं मी तिची झोप खाल्ली. मालकाला शिव्या देणारी कविता लिहून पुन्हा पांघरूण ओढून झोपलो.

म्हणून पाणी आता मी भरतो. खिडकीला काळं कापड लावलंय. कामावर जायच्या आधी ती तास-दीड तास पडते. पहाटे 3 नंतर चहा नाही. याचा उपयोग होतो, पण तेवढ्यानं भागत नाही. वॉर्डात दुसरी नर्स असती तर दोघींनी आळीपाळीनं वीस मिनिटं डोळे मिटले असते आणि म्हातारी राखणीविना राहिली नसती. तेव्हा झोप मागणं म्हणजे कर्तव्य टाळणं नव्हे. रोग्यासाठीच ती मागायची.

आक्कानं मेमोला उत्तर दिलं. "मी झोपले हे खरं. सलग सातवी रात्र होती, वॉर्डात मी एकटी होते, हेही खरं. दोन्ही लिहून घ्या."

पहिलं वाक्य तिनं खोडलं नाही. दुसरं गिळलं नाही. माझ्या प्रश्नाचं मला मिळालेलं उत्तर एवढंच.

मित्रांनो, आपण रात्री 10 ला बैठक लावतो आणि पेंगणाऱ्याला हसतो. तो कुठल्या पाळीतनं आलाय ते आधी विचारा. बाया का येत नाहीत, तेही विचारा. माणसं जागी ठेवली म्हणजे जागृती होत नाही. पुढची बैठक सुटीच्या दिवशी दुपारी 4 ला ठेवा. मी आक्काला घेऊन येतो, झोप झालेली असेल तर.