शिजणे आणि भाजणे

चेन्नईच्या पश्चिमेस असलेल्या या गावाचे नाव आवडी. अंबरनाथहून येथे बदली झाल्याचा हुकूम हाती पडला तेव्हा या नावावरून आमच्या घरात बरीच थट्टा झाली होती. 1961 साली येथे रणगाड्यांचा कारखाना निघाला. 1965 साली पहिला विजयंता त्यातून बाहेर पडला. त्या कारखान्याच्या पोटी वाढलेल्या वसाहतीत आम्हां परमुलखातल्या माणसांचे संसार थाटलेले आहेत. चुली अर्थातच नाहीत. म्हणून आम्ही मायक्रोवेव्ह आणि कन्व्हेक्शन अशा दोन्ही सोयी असलेला एक ओव्हन घेतला.

गेल्या मार्गशीर्षात आई आली. तिला भरीत करून घालावे म्हणून वांग्याला तेलाचा हात लावला, टोचे मारले, ओव्हनवर आठ मिनिटे लावली आणि मी वर्तमानपत्र उघडले. आईने दोन घास खाल्ले आणि ती हळूच म्हणाली, “शिजलंय रे. भाजलं नाही.”

मी तत्काळ यंत्राला दोष दिला. आम्हा अधिकारी वर्गाला हे चांगले साधते. काम बिघडले की साधनाकडे बोट दाखवायचे. परंतु गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची जी पाच कारणे सांगितली आहेत त्यांत करण आणि कर्ता वेगवेगळे मोजले आहेत. मी करण विकत आणले आणि कर्त्याला वर्तमानपत्र देऊन खुर्चीत बसवले, असेच घडले नव्हते काय?

कष्टातच पुण्य असते असे मला म्हणावयाचे नाही. आईने वीस-पंचवीस वर्षे चुलीचा धूर डोळ्यांत घेतला. तो परत यावा असे म्हणणारा मनुष्य स्वतः चुलीपुढे कधी बसलेला नसतो. धूर गेला हे उत्तमच झाले. पण धुराबरोबर तिचे लक्षही घालवून द्यावे, असे कोणी सांगितले होते?

म्हणून यंत्राचा स्वभाव समजून घेऊ लागलो. गंमत अशी, की याचाही जन्म युद्धसाहित्यातलाच. रडारसाठी बनलेल्या मॅग्नेट्रॉनच्या लहरींनी अन्न तापते, हे अमेरिकेत पर्सी स्पेन्सर यांनी 1945 च्या सुमारास हेरले. सेकंदाला सुमारे 245 कोटी आंदोलने करणाऱ्या या लहरी मुख्यतः अन्नातील पाणी तापवतात. जोवर पाणी आहे तोवर उष्णता 100 अंशांच्या फारशी वर जात नाही, आणि खमंग तांबूस रंग येण्यास सुमारे 140 अंश तरी लागतात. म्हणजे आईचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते. पंख्याने फिरवलेली तप्त हवा मात्र बाहेरून पृष्ठभाग कोरडा करते आणि भाजते. लहरी शिजवतात, वारा भाजतो. कोणाची पाळी केव्हा, हे ठरवणारा तिसरा कोणी तरी हवा. नानखटाईला तर लहरींची गरजच नाही. तेथे आधी तापवलेली नुसती हवा पुरे. पातळ धातूचा डबाही लहरींच्या वेळी आत नको, कारण धातू त्यांना परतवतो.

शेजारच्या तमिळ बाईंना हा घोटाळा सांगितला तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “सुट्ट कत्तिरिक्काय!” सुट्ट म्हणजे भाजलेले. भेद त्यांच्याही भाषेत होताच.

दुसऱ्या खेपेस पाच मिनिटे लहरी दिल्या, वांगे तसेच थोडा वेळ आत मुरू दिले, मग 220 अंशांच्या हवेत ठेवले आणि काचेतून पाहत उभा राहिलो. साल सुरकुतली, काळवंडली. धुराचा वास काही आला नाही. त्यासाठी वाटीत निखारा ठेवून धुंगार द्यावा लागला. आईने भरीत मागून घेतले.

परत जाण्याच्या आदल्या दिवशी मी कामावरून आलो तेव्हा ती ओव्हनपुढे खुर्ची टाकून बसली होती. मला पाहताच तिने दार उघडले आणि पदराने हात झाकून वांगे उलटे केले. खालची बाजू ताटलीला टेकून ओली राहते, म्हणाली. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत ही सूचना मला कोठे आढळली नव्हती.