दृष्टी कोणाची?

नेत्रदानास संमती देणाऱ्या कुटुंबाचे सांत्वन जळगाव-धुळ्याकडेही एका ठरलेल्या वाक्याने केले जाते: गेलेला माणूस डोळ्यांच्या रूपाने उरला. निर्णय मृत्यूनंतरच्या सहा तासांत घ्यायचा असतो. त्या घडीला या वाक्याचा आधार मोठा असतो. परंतु ते खरे आहे काय? नसेल, तर त्यावर मिळवलेली संमती नैतिकदृष्ट्या निर्दोष म्हणता येईल काय?

मुळात रोपण होते ते संपूर्ण डोळ्याचे नव्हे, तर पारपटलाचे, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या पारदर्शक पडद्याचे. एडुआर्ड झिर्म यांनी १९०५ साली ते प्रथम यशस्वी केले. रोपणानंतर दात्याच्या बाह्यस्तरातील पेशी झडतात व ग्राहकाच्या पेशी त्यांची जागा घेतात. मधल्या थरातही असा पालट होतो, पण तो संथ आणि बहुधा अपुरा असतो. सर्वांत आतल्या थरातील पेशींचे विभाजन जवळजवळ होत नाही. दात्याच्या त्या पेशी घटत घटत वर्षानुवर्षे काम करीत राहतात. कोलॅजेनची चौकट टिकते. तिच्यातले रहिवासी बदलतात.

द्रव्याचे सातत्य हीच अस्मितेची कसोटी मानली, तर दाता अंशाअंशाने नाहीसा होतो. पण निरोगी डोळ्याचाही बाह्यस्तर आठवडा-दहा दिवसांत नवा होतो. त्या कसोटीवर आपला डोळाही आपला ठरत नाही. तेव्हा कसोटीच अपुरी आहे. टिकते ती रचना, आणि तिच्यामुळे शक्य होणारी पारदर्शकता.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) आठवणे साहजिक आहे. निरक्षर कवयित्रीची मौखिक गाणी सोपानदेवांच्या प्रयत्नांनी १९५२ साली ग्रंथरूपात आली. लेवा गणबोली ज्याच्या कानावर कधी पडली नाही, असा वाचकही ती आपल्या उच्चारात, आपल्या अनुभवाने भरून वाचतो. संहितेची चौकट खानदेशातली, अर्थाच्या पेशी वाचकाच्या. मात्र हे साम्य ताणू नये. गाणे दिल्यावरही गाणारीजवळ राहते. पारपटल देणाऱ्याजवळ काहीच राहत नाही. शिबिजातकातील राजाला नेत्रदानानंतर पुन्हा दृष्टी लाभते. आजच्या दात्याला परतफेड नाही, आणि दिलेल्या वस्तूवरची त्याची खूणही पुसट होत जाते.

हे दानाचे न्यून नव्हे. हेच त्याचे पूर्णत्व होय. जे घेणाऱ्याचे होऊ शकत नाही, ते दिले गेले असे म्हणता येत नाही. ते केवळ ठेव असते. म्हणून सांत्वनाचे वाक्य बदलावे: ‘तो उरला’ असे न म्हणता ‘त्याच्यामुळे कोणाला तरी दिसू शकेल’ असे म्हणावे. रोपण अपयशीही ठरते, याची जाणीव त्या ‘शकेल’मध्ये आहे. असे बोलल्याने संमती घटेल ही भीती शोकग्रस्तांच्या समजुतीला कमी लेखणारी आहे. पेरलेले बी कणसात शोधायचे नसते, हे शेतकरी कुटुंबाला कोणी शिकवावे लागत नाही.