उघड्यावरचा मुक्काम : हक्क की गावाची मोकळीक?

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागात, खेड तालुक्यात, सह्याद्रीच्या मुख्य धारेला समांतर गेलेल्या डोंगररांगेवर रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड हे तीन किल्ले आहेत. पूर्वेला हातलोट घाट साताऱ्याकडे चढतो. दक्षिणेकडे चोरवण्याच्या माथ्यावर नागेश्वराची गुहा आहे आणि तिच्यापलीकडे कोयना अभयारण्याचे दाट रान सुरू होते. या पट्ट्यात हॉटेल नाही, तंबूंची वसाहत नाही. डोंगरयात्री येतात ते पाठीवर शिधा आणि अंथरूण घेऊन. रसाळगडावर झोलाई देवीच्या, महिपतगडावर पारेश्वराच्या देवळात किंवा देवळालगतच्या मोकळ्या जागेत ते रात्र काढतात आणि सकाळी पुढे निघतात. कोणी पैसे मागत नाही आणि पावतीही देत नाही. अशा मुक्कामाचा आधार नेमका कोणता आणि तो पुढे कसा टिकेल, हा या लेखाचा विषय आहे.

जगात ज्या प्रदेशांत असा विनामूल्य मुक्काम रूढ आहे, तिथे त्याला कायद्याचा किंवा पक्क्या प्रथेचा आधार आहे. नॉर्वेत 1957 च्या कायद्याने न कसलेल्या जमिनीवर, ती खाजगी असली तरी, कोणालाही चालण्याचा आणि तंबू ठोकण्याचा हक्क दिला. वस्तीच्या घरापासून 150 मीटर दूर राहावे आणि एकाच जागी दोन रात्रींहून अधिक राहायचे तर मालकाला विचारावे, एवढी बंधने त्याला आहेत. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातली बहुतेक जमीन सरकारी आहे. तिथल्या खुल्या सरकारी जमिनीवर देशाच्या रहिवाशांना एका जागी वर्षातून 21 दिवसांपर्यंत फुकट तळ टाकता येतो. स्कॉटलंडने 2003 साली भूसुधारणेच्या कायद्यात असा हक्क लिहून ठेवला. या देशांची उत्तरेकडची राने अफाट आहेत आणि माणसे तुरळक. शंभर जणांनी शंभर जागी तळ टाकला तरी एकाचा धूर दुसऱ्याला दिसत नाही.

रत्नागिरीचा हिशेब निराळा आहे. जिल्ह्याचे क्षेत्र 8,208 चौरस किलोमीटर आणि 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 16 लाखांहून अधिक. डोंगराच्या प्रत्येक सोंडेवर एखादी वाडी आहे, एखादा धनगरवाडा आहे. राखीव सरकारी जंगल शेजारच्या जिल्ह्यांच्या मानाने फार थोडे, कारण इथले डोंगरउतार पूर्वीपासून खोतांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या वतनदारांच्या, आणि कुळांच्या वहिवाटीत राहिले. भातखाचरांच्या वरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी पिकत असे आणि भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजण्यासाठी, झाडांच्या फांद्यांचा कवळ तोडला जाई. खोतीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले आणि 1949 च्या कायद्याने खोती संपली. जमिनी कुळांच्या नावे होत गेल्या आणि पुढच्या पिढ्यांत वारसांमध्ये वाटल्या गेल्या. आज एखाद्या ओसाड दिसणाऱ्या माळाच्या सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे सापडतात आणि त्यांतली निम्मी माणसे मुंबईत असतात. माळावर माणूस दिसत नाही म्हणून तो बेवारशी ठरत नाही.

मालकीचे आणखी थर आहेत. राज्य सरकारने 1975 च्या कायद्याने खाजगी वने संपादित केली, त्यात कोकणातले पुष्कळ डोंगर आले. काही रान देवाचे आहे. देवराईत कोयती चालवायची नाही, वाळकी काटकीही न्यायची नाही, असा दंडक अनेक गावांत आहे आणि तो पाळला जातो की नाही यावर गुरव आणि मानकरी नजर ठेवतात. सड्यावरचा, म्हणजे पठारावरचा, कातळ तर सगळ्यांत रिकामा वाटणारा भाग. त्याच कातळावर रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांत उक्षी, जांभरुण, कशेळी, देवीहसोळ, बारसू अशा ठिकाणी कोरलेली चित्रे आहेत. ही कातळशिल्पे 2022 मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यांच्या रेषा उथळ आहेत. त्यांवर गाडी चढली किंवा शेकोटी पेटली तर झालेले नुकसान भरून निघत नाही. पावसाळ्यात याच कातळाच्या खळग्यांत थोड्या आठवड्यांपुरती रानफुले येतात आणि जनावरांचे गवतही इथेच वाढते.

कायदा मुक्कामाला हक्क मानत नाही. भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 नुसार राखीव वनात विनापरवाना शिरणे आणि विस्तव करणे हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार अभयारण्यात जायलाच परवाना लागतो आणि आग लावण्यास मनाई आहे. चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना अभयारण्य मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याची हद्द सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या जिल्ह्यांत पसरली आहे. त्यानंतर घाटमाथ्यावरच्या मुक्कामांवर निर्बंध आले. बामणोलीहून लाँचने वासोट्याला जाणाऱ्याला त्याच दिवशी परतावे लागते, गडावर रात्र काढता येत नाही. शृंगारपुरातून प्रचितगडाला जाणारी वाटही चांदोलीच्या हद्दीत शिरते. व्यवसाय म्हणून सहली काढणाऱ्यांसाठी राज्याने 2021 साली साहसी पर्यटनाचे धोरण आखले आणि नोंदणी व सुरक्षेच्या अटी घातल्या. चार मित्र पाठीवर ओझे घेऊन निघाले, तर त्यांच्यासाठी मात्र कोणत्याच कागदावर जागा नाही. त्यांना हक्क नाही आणि सरसकट मनाईही नाही. त्यांचा मुक्काम निभावतो तो गावाच्या संमतीवर.

या संमतीची रीत जुनी आहे. घाटवाटांनी मीठ, मासळी आणि धान्य वाहणारे, यात्रेकरू, भिक्षेकरी हे सगळे देवळाच्या सभामंडपात नाहीतर एखाद्या घराच्या पडवीत टेकत. महाशिवरात्रीला चोरवण्याहून नागेश्वराला चढणारी कोकणातली माणसे आजही त्याच वाटेने जातात. वाटसरूने तिन्हीसांजेच्या आत वाडीत पोचावे, कोणत्या गावचे ते सांगावे, पाणी कुठले घ्यायचे ते विचारावे. वाडीतले माणूस मग जागा दाखवते आणि कुठे जाऊ नये हेही सांगते. या दोन वाक्यांच्या बोलण्यात परवानगी, ओळख, सुरक्षा आणि नियम सारे उरकते. जागा फुकट मिळते, पण विचारल्याशिवाय मिळत नाही.

विचारण्यामागे शिष्टाचारापलीकडची कारणे आहेत. पहिले पाण्याचे. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण सच्छिद्र जांभ्यातून तो झिरपून जातो. फेब्रुवारीनंतर पऱ्हे, म्हणजे ओढे, आटतात. एप्रिल-मे मध्ये वरच्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. गडावरचे जे टाके पाहुण्याला आंघोळीचे वाटते, ते वाडीच्या गुरांचे आणि कधी माणसांचेही शेवटचे पाणी असू शकते.

दुसरे कारण विस्तवाचे, आणि इथे भूगोल फसवतो. कातळावर तंबूची खुंटी शिरत नाही. दोऱ्या दगडांना बांधाव्या लागतात. म्हणून पुष्कळ जण कातळ सोडून कडेच्या मातीवर, म्हणजे नेमके गवतात सरकतात आणि चूलही तिथेच मांडतात. संध्याकाळी समुद्राकडून येणारा वारा पडतो आणि काही वेळ हवा स्तब्ध असते. त्या वेळी तीन दगडांची चूल निर्धोक वाटते. रात्र चढली की डोंगरावरून खाली उतरणारा वारा सुटतो. पेटवताना जो वारा नव्हता, तो माणसे झोपल्यावर राखेखालच्या निखाऱ्यांना भेटतो. डिसेंबरपासून वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते. खाली काजूच्या बागा असतात, आंब्याला मोहोर आलेला असतो आणि गोठ्याच्या माळ्यावर गुरांचा वर्षाचा चारा रचलेला असतो. वणव्याचा सगळा दोष पाहुण्यांचा नाही. भाजावळीची आग हाताबाहेर जाते आणि शिकारीसाठीही गवत पेटवले जाते. पण गावचा माणूस आग लागली तर विझवायला तिथेच असतो, पाहुणा तोवर पुढच्या गडावर पोचलेला असतो.

तिसरे कारण जिवाचे. जांभ्याच्या दगडांखाली फुरसे असते आणि रत्नागिरी जिल्हा त्यासाठी इंग्रजी अमदानीपासून कुप्रसिद्ध आहे. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. तो दंश इतका नाजूक असतो की पुष्कळदा झोपमोडही होत नाही. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी अनेकांचे, विशेषतः मुलांचे, बळी घेतले. शेजारच्या महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी 1980 च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, तेव्हा हे मृत्यू खूप घटले. सर्पदंशावरचे प्रतिविष असो की विंचवावरचे औषध, दोन्ही वेळेत मिळाली तरच उपयोग. कोणती वाट रात्रीही उतरता येते, गाडी कोणाकडे आहे, प्राथमिक आरोग्य केंद्र कोणते जवळ, ही माहिती नकाशात नसते, वाडीत असते. जो वाडीला न कळवता वर गेला, त्याचा शोध घ्यायलाही शेवटी वाडीच जाते.

एकूण, फुकट मुक्काम वाटसरूला फुकट असतो. त्याची किंमत गाव पाण्याच्या, जागरणाच्या आणि जोखमीच्या रूपाने मोजत असते. वर्षाला पाच-दहा टोळकी येत होती तोवर ही किंमत पाहुणचारात खपून गेली. रस्ते वर चढले, मोबाइलवर जागांचे फोटो फिरू लागले, शनिवार-रविवारी गाड्या भरून माणसे येऊ लागली. मग तोच पाहुणचार गावाला जड होतो.

यावर तीन उपाय सुचवले जातात. पहिला, सरसकट बंदी. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात ती योग्यच आहे, कारण तिथे रात्र जनावरांची. पण खेड-मंडणगडच्या गडांवर बंदी घातली तर ती राबवणार कोण? विचारून येणारे येणे थांबवतील आणि न विचारणारे चोरवाटेने येत राहतील. शिवाय कमी पैशांत गडकोट पाहत हिंडण्याची जी परंपरा गो. नी. दांडेकरांसारख्या दुर्गप्रेमींनी मराठी तरुणांत रुजवली, ती खुंटेल. दुसरा उपाय, जागा व्यावसायिक तंबूवाल्यांच्या हाती देणे. त्याने शिस्त आणि शौचालये येतात, त्याबरोबर दिवे, जनरेटर आणि ध्वनिक्षेपकही येतात. ज्याच्या खिशाला परवडत नाही तो बाहेर पडतो आणि मिळकत बहुधा गावाबाहेर जाते. तिसरा, नॉर्वेसारखा सर्वांना हक्क. तो ऐकायला उदार आहे. पण एका कुटुंबाचा गुंठ्यांतला काजू आणि दुसऱ्याचे एकुलते टाके यांवर परक्या माणसाला हक्क देणे म्हणजे दुबळ्याच्या खर्चाने केलेले औदार्य ठरेल. त्यातही विसंगती अशी की पाल ठोकून राहणाऱ्या कातकऱ्याला किंवा फिरत्या धनगराला अनेक ठिकाणी हुसकावले जाते. वनहक्क कायदा, 2006 ने फिरस्त्या आणि पशुपालक समाजांचा हंगामी वापराचा हक्क मान्य केला आहे. तळ टाकण्याच्या हक्काची गोष्ट करायची तर पहिला नंबर त्यांचा लागतो.

चौथी वाट याच जिल्ह्यात तयार आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती जपली आणि 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्याच घरांत राहतात, घरचे जेवतात आणि पिल्ले समुद्रात सोडण्याच्या वेळी आखलेल्या दोरीबाहेर उभे राहतात. किनाऱ्यावर तंबू आणि दिवे असते तर उजेडाकडे वळणारी पिल्ले समुद्राऐवजी माणसांकडे गेली असती. किती माणसांनी, कुठे आणि कसे वागायचे, हे इथे गाव सांगते, आणि गावाच्या पदरातही काही पडते.

डोंगरात याची नक्कल जशीच्या तशी होणार नाही, पण तत्त्व तेच ठेवता येईल. ग्रामसभेने गडावरच्या एक-दोन जागा मुक्कामासाठी ठरवाव्यात आणि एका रात्रीची माणसे मोजकी ठेवावीत. वाडीत एक वही असावी. तीत नाव, फोन आणि परतीची वेळ लिहिल्याशिवाय वर जाऊ नये. डिसेंबर ते मे जमिनीवर विस्तव नको, स्वयंपाक स्टोव्हवर व्हावा. टाक्यात उतरणे आणि धुणे बंद असावे. कचरा आणणाऱ्यानेच परत न्यावा. झोपायला पैसे नकोत. वाटाड्या, जेवण, पाणी आणून देणे यांचे पैसे मात्र रोख आणि ठरलेल्या दराने द्यावेत. व्यवसाय म्हणून टोळ्या आणणाऱ्यांवर नोंदणी आणि शुल्क दोन्ही असावे. वनखात्याच्या हद्दीत हीच वही खात्याच्या परवानगीला जोडता येईल.

यावर आक्षेप येईल की गाव म्हणजे एकदिलाची मंडळी नव्हे. तिथे मानपानाचे वाद आहेत, भावकीचे तंटे आहेत, आणि कोणाला देवळात घ्यायचे यात जातीचा इतिहासही आहे. आक्षेप खरा आहे. म्हणूनच हा अधिकार चार मानकऱ्यांच्या मर्जीवर न सोडता ग्रामसभेच्या ठरावात लिहिलेला हवा, आणि तो ठराव प्रत्येक वाटसरूला सारखाच लागू व्हायला हवा. तोंडी रीत माणूस पाहून वळते. लिहिलेल्या नियमाबद्दल निदान जाब विचारता येतो.

रत्नागिरीच्या रानात कोणाचीच नसलेली जमीन नाही, म्हणून नॉर्वेसारखा निर्वेध हक्कही इथे उभा राहू शकत नाही. जे आहे ते गावाने दिलेली मोकळीक आहे. तिच्यावर हक्क सांगितला तर ती आटेल आणि बाजाराला विकली तर ती उरणार नाही. विचारणे, नोंद करणे आणि गावाचा खर्च गावाला परत करणे एवढ्या अटींवर ती पुष्कळ काळ पुरेल.