घर कुणाच्या मापाचे?



नव्या घराच्या आशीर्वादाचे बोलावणे आले की आम्हाला मनापासून आनंद होतो. वर्षानुवर्षे भाड्याच्या खोल्या बदलत राहिलेले कुटुंब स्वतःच्या उंबरठ्यावर मेणबत्ती घेऊन उभे असते, लेकरे नव्या खोल्यांतून पळत असतात, आणि शेजारच्या घरातून खुर्च्या आणलेल्या असतात. अशा वेळी धर्मगुरूने पवित्र पाणी शिंपडावे, प्रार्थना करावी, चहा घ्यावा आणि निघावे, अशी रीत आहे. पण अलीकडे आशीर्वादाच्या खूप आधी, घर नुसते कागदावर असतानाच काही कुटुंबे आमच्याकडे येऊ लागली आहेत. त्यातल्याच एका भेटीने आम्हाला विचारात टाकले. तो विचार आज आपल्यापुढे ठेवतो.

आपल्या धर्मग्रामातले एक तरुण जोडपे नांदेडमध्ये फ्लॅट घेत होते. बांधकाम चालू असल्यामुळे आतल्या भिंती थोड्याफार हव्या तशा फिरवून मिळणार होत्या. दोघांनी आमच्या टेबलावर नकाशा पसरला. हॉल मोठा हवा होता, स्वयंपाकघर हॉलकडे उघडे हवे होते, मुलाला अभ्यासाची खोली आणि एक लहानशी स्टोअर रूम हवी होती. "फादर, आमच्या लाईफस्टाईलला साजेसं घर करायचंय," ते म्हणाले. कष्टाने मिळवलेल्या पैशांचे घर आपल्या जगण्याला साजेसे असावे, यात गैर काहीच नाही. नकाशा पाहताना आम्ही सहज विचारले, "आजी कुठे झोपतील?" दोघांनी एकमेकांकडे पाहिले. "आजी गावाकडंच रमतात, फादर," नातू हळूच म्हणाला.

या आजींना आम्ही ओळखतो. त्या लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावात राहतात. त्यांच्या घराची गोष्ट समजून घ्यायची तर थोडे मागे जावे लागेल.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटे कमी असताना, किल्लारी परिसराची जमीन हादरली. आदल्या रात्री गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात जवळपास दहा हजार माणसे गेली. त्यांतली बहुतेक आपल्याच घराखाली गेली. माळवदाचे घर आपल्याकडच्या उन्हाळ्यावरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय होते. दगडाच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर फूट-दोन फूट मातीचा थर. बाहेर आग पाखडणारे ऊन असले तरी आत गारवा. पण त्या भिंतींच्या बाहेरच्या आणि आतल्या पाखांत नुसती भर घातलेली होती, आणि दोन्ही पाखांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. दगड मातीत बसवलेले होते. हादरा बसताच भिंती फाकल्या आणि वरची सगळी माती झोपलेल्या माणसांवर आली. उलट कुडाच्या, गवताच्या आणि पत्र्याच्या हलक्या झोपड्यांनी पुष्कळ ठिकाणी तग धरला. ज्या घराची एरवी लाज वाटावी, त्याच घराने त्या पहाटे जीव वाचवला. आजी भूमिहीन मजुराच्या घरातल्या. त्या आणि त्यांची लेकरे वाचली ती अशाच एका झोपडीमुळे.

पुढे शासन, जागतिक बँक आणि देशभरातल्या दानशूर संस्था धावून आल्या. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. घरांचे आकार जमिनीवरून ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, आणि सात हेक्टरहून अधिक जमीन असलेल्यांना ७५० चौरस फूट. आजींच्या घरात तेव्हा नऊ माणसे होती. त्यांना २५० चौरस फूट मिळाले.

तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला ॲरिस्टॉटल अभ्यासावा लागला. न्याय्य वाटप ज्याच्या त्याच्या योग्यतेनुसार व्हावे हे सर्वांनाच मान्य असते, भांडण होते ते योग्यता कशाला म्हणायचे यावर, असे त्याने दाखवून दिले आहे. किल्लारीचे वाटप याच जागी तपासून पाहावे लागते. जमिनीच्या मापाच्या बाजूने काहीच म्हणता येत नाही असे नाही. ज्याची शेती मोठी त्याला धान्य, अवजारे आणि बैल यांसाठी जागा लागते, आणि त्याचे पडलेले घरही मोठे होते. शिवाय हजारो कुटुंबे उघड्यावर असताना झटपट लावता येईल असे एखादे माप हवेच होते, आणि जमिनीची नोंद सात-बारावर तयार होती. हे सगळे मान्य करूनही एक प्रश्न उरतो. घरात झोपते कोण, जमीन की माणसे? माप माणसांचे घेतले असते, तर आजींना मोठे घर मिळाले असते.

दुसरी अडचण मापाची नव्हती, मांडणीची होती. पुष्कळ नवी गावे शहरातल्या वसाहतीसारखी सरळ रेषांत, रुंद रस्त्यांवर आखली गेली. जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट ती पसरली. जुन्या घराला ओसरी होती, अंगण होते, परसदार होते. नव्या घराला बहुधा खोल्याच होत्या. गुबाळ गावात तर घुमटाच्या आकाराची घरे झाली. गोल भिंतीला कपाट कसे टेकवायचे आणि वाढत्या कुटुंबासाठी खोली कुठून जोडायची, हे प्रश्न राहणाऱ्यांना पडले. गावोगावी लोकांनी मग आपापल्या परीने पत्रे ठोकून पडव्या काढल्या आणि चुली बाहेर आणल्या.

आजींनीही दारापुढे पत्र्याची पडवी काढली आहे. त्यांचा दिवस तिथेच जातो आणि उन्हाळ्यात रात्रही. पक्की खोली आहे, पण तिच्यात धान्याची पोती आणि ट्रंका आहेत. आम्ही एकदा विचारले, "आजी, आत का नाही बसत?" त्या म्हणाल्या, "घर लई चांगलं हाय, फादर. पर आत बसलं की कोन आलं, कोन गेलं, काई कळत न्हाई."

हेच आजींचे वाक्य आम्हाला पुन्हा ॲरिस्टॉटलकडे घेऊन गेले. कोणत्याही वस्तूची कारणे चार प्रकारची असतात हे सांगताना त्याने घराचाच दाखला घेतला आहे. दगड-माती हे घराचे उपादान. बांधणारा आणि त्याची कला हे निमित्त. घराची कल्पना हे त्याचे स्वरूप. आणि घर ज्यासाठी आहे ते त्याचे प्रयोजन. यांतले प्रयोजन ठरले नाही, तर बाकीची तीन कितीही उत्तम असली तरी उपयोग नाही. भूकंपानंतर घराचे प्रयोजन एकच समजले गेले, ते म्हणजे पुन्हा पडू नये. त्या दुःखात ते स्वाभाविकच होते. जे घर जीव घेते त्याला घर म्हणता येत नाही, आणि जुन्या माळवदाच्या आठवणीने डोळे ओले करणाऱ्यांनी हे विसरू नये. पण जीव वाचल्यावर तो जीव जगणार कसा, चूल कुठे पेटणार, शेळी कुठे बांधायची, शेजारणीशी बोलायचे कुठे बसून, हेही घराच्या प्रयोजनातच येते. ते कागदावर आले नाही, कारण राहणाऱ्यांना पुरेसे विचारलेच गेले नाही.

विचारल्यावर काय होते, याचे उदाहरणही त्याच भूकंपातून मिळते. ज्या गावांचे स्थलांतर झाले नाही, तिथे घरमालकांनीच आपली घरे दुरुस्त आणि मजबूत करावीत, आणि त्यासाठी त्यांना हप्त्याहप्त्याने पैसे मिळावेत, अशी योजना होती. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने खेड्यांतल्या स्त्रिया त्या कामात 'संवाद सहायक' झाल्या. भिंतीत आरपार दगड का घालायचा आणि दारा-खिडक्यांच्या वरून काँक्रीटचा पट्टा का फिरवायचा, हे त्या समजून घेत आणि घरोघरी समजावून सांगत. जिला एरवी घर झाडायलाच लावले जाई, ती घर कसे उभे राहते हे सांगू लागली. घर तेच आणि दगडही तेच होते. निर्णयात बसलेली माणसे मात्र बदलली.

आता पुन्हा नांदेडच्या त्या नकाशाकडे येऊ. 'लाईफस्टाईल' या शब्दात निवड गृहीत धरलेली असते. ज्याच्या हातात पैसा असतो तो निवड करतो, आणि त्याची आवड घराचे माप होऊन बसते. पण घरात निवड करणाराच एकटा राहत नाही. तिथे लहान मूल असते, आजारी माणूस असतो, कामाला येणाऱ्या मावशी असतात, अचानक येणारा पाहुणा असतो. यांतले कुणी बिल्डरशी बोलायला जात नाही. शासनाने घर जमिनीच्या मापाने दिले म्हणून आपण हळहळतो. मग आपल्या घरात ज्याची कमाई त्याचाच शब्द चालतो, तेव्हा आपण वेगळे माप लावतो का?

आणि घराच्या भिंतीबाहेरही माणसे आहेतच. एप्रिल २०१६ मध्ये लातूरची तहान भागवायला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. 'जलदूत' हे त्या गाडीचे नाव आपण विसरलेलो नाही. घागरी रांगेत लावून दिवस दिवस थांबलेली माणसे आपल्या परिचयाची होती. अशा मुलखात घर बांधताना छपराचे पाणी जमिनीत मुरवायचे की गटारात सोडायचे, न्हाणीघरात किती पाणी वाहू द्यायचे, अंगण पूर्ण फरशीने झाकायचे की थोडी माती मोकळी ठेवायची, हे आवडीनिवडीचे प्रश्न राहत नाहीत. आमची बोअर, आमचे पाणी, असे म्हणता येते खरे. पण जमिनीखालच्या पाण्याला कंपाउंड नसते.

कुणी म्हणेल, फादर, दोन खोल्यांचे घर हप्त्यावर घेताना आमचे कंबरडे मोडते, त्यात सगळ्यांचा विचार कुठून करणार? ही अडचण खरी आहे. सर्वांना पुरेल एवढी जागा फार थोड्यांच्या घरात असते. पण विचारण्याला जागा लागत नाही. स्टोअर रूमच्या ठिकाणी आजींची खोली करा, असे त्या दिवशी आम्ही त्या जोडप्याला सांगून टाकले होते, आणि आपण फार चांगला सल्ला दिला असे आम्हाला वाटत होते. पंधरा दिवसांनी दोघे पुन्हा आले. त्यांनी आजींना फोन करून विचारले होते. आजींना खोली नकोच होती. कायमचे यायचीही त्यांची तयारी नव्हती. उन्हाळ्यात दोन-तीन महिने येईन म्हणाल्या, आणि मागितले काय, तर दाराजवळ सतरंजी टाकून बसण्यापुरती जागा, जिथून येणारे-जाणारे दिसतील.

आमची चूक तेव्हा आमच्या लक्षात आली. आम्हीही आजींना न विचारताच त्यांचे घर आखून मोकळे झालो होतो. किल्लारीची घरे आखणाऱ्यांना दोष देताना आम्ही त्यांच्याच ओळीत उभे होतो.

नकाशात बदल झाला तो एवढाच. दाराशेजारी चपलांचे मोठे कपाट येणार होते, ते लहान झाले आणि तिथे भिंतीला टेकून बुटका कट्टा आला. स्टोअर रूम आहे तशीच राहिली. आशीर्वादाच्या दिवशी आजी गावाहून आल्या आणि थेट कट्ट्यावर जाऊन बसल्या. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई अजून कुणाशी बोलत नव्हत्या, त्या प्रार्थना संपेपर्यंत आजींशेजारी बसलेल्या आम्ही पाहिल्या.

प्रभू येशूने खडकावरच्या घराचा दाखला दिला. त्या दाखल्यात पाया आहे तो ऐकण्याचा आणि ऐकलेले आचरणात आणण्याचा. आपल्यापैकी जे कुणी या वर्षी प्लॉट पाहत आहेत, फ्लॅट बुक करत आहेत किंवा जुन्या घराला खोली जोडत आहेत, त्यांना आमची विनंती एवढीच की पहिली सही करण्याआधी एका संध्याकाळी जपमाळ झाल्यावर नकाशा सर्वांच्या मध्ये ठेवा. घरातल्या सर्वांत लहानाला, सर्वांत थोरल्याला, आणि जिचा दिवस चुलीपाशी जातो तिला आधी बोलू द्या. सगळ्यांचे सगळे मान्य करता येणार नाही. तरी प्रत्येकाचे ऐकून घ्या.

त्यानंतर आशीर्वादाला आम्हाला जरूर बोलवा. आम्ही आनंदाने येऊ.