तोंडावरची टीका

रंगभूमीवर टीकेची खरी वेळ तालमीची. पडदा उघडल्यानंतर सांगितलेला दोष त्या रात्रीच्या प्रयोगाला उपयोगी पडत नाही. मुखेडसारख्या तालुक्याच्या गावात हेच बोलणे जड जाते, कारण हौशी संघात दिग्दर्शक कुणाचा तरी शिक्षक असतो, नट कुणाचा तरी मेहुणा. दुसरा प्रवेश रेंगाळतो असे सांगायचे म्हणजे नात्यात वाकडेपणा ओढवून घ्यायचा. म्हणून समोर ‘छान झालं’, आणि उरलेले सगळे चहाच्या टपरीवर. १९५४ पासून चाललेल्या राज्य नाट्य स्पर्धेनेही ही उणीव भरून निघत नाही. निकालात क्रमांक कळतो, प्रसंग का पडला ते कळत नाही. हरलेला संघ मग परीक्षकांना नावे ठेवत नांदेडहून परततो.

मतभेद उघड झाले की संस्था मोडते, ही भीती पुण्याच्या उदाहरणावर तपासून पाहावी. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने १६ डिसेंबर १९७२ रोजी विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आणले. नाटक ब्राह्मणविरोधी आहे, इतिहासाला धरून नाही, असे आक्षेप उठले. १९ प्रयोगांनंतर अध्यक्ष भालबा केळकर यांच्या काळात संस्थेने ते थांबवले. जब्बार पटेल, सतीश आळेकर, मोहन आगाशे आदी तरुण बाहेर पडले, मार्च १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी काढली आणि जानेवारी १९७४ मध्ये तेच नाटक पुन्हा उभे केले. संस्था फुटली हे खरे. पण वाद दाबून सगळे एकत्र राहिले असते, तर नाटक कपाटात गेले असते. थांबवणाऱ्यांचा आक्षेप मात्र अभिनयावर किंवा बांधणीवर नव्हता, लोक काय म्हणतील यावर होता. त्याला कलेची टीका म्हणणे कठीण.

आपल्या माणसांशी भांडावे कसे, हे नांदेडच्या दत्ता भगत यांच्या ‘वाटा-पळवाटा’ या नाटकात दिसते. दलित चळवळीतले काका, प्राध्यापक सतीश आणि तरुण अर्जुन एकमेकांच्या मार्गावर बोट ठेवतात, तेही एकाच घरात बसून. चळवळ बदनाम होईल म्हणून नाटककाराने कुणालाच गप्प बसवलेले नाही.

मुखेडच्या मंडळींनी स्पर्धेच्या आठवडाभर आधी एक तालीम नात्यागोत्याबाहेरच्या चार जाणत्यांसमोर करावी. त्यांनी प्रवेश, वाक्य, हालचाल दाखवून बोलावे, आणि त्यांचे संपेपर्यंत नटांनी उत्तर देऊ नये.