दास मारुतीपुढचा प्रश्न

चाफळच्या राममंदिरासमोर जो मारुती उभा आहे, त्याने दोन्ही हात जोडलेले आहेत. गेल्या चैत्रात माझा पाच वर्षांचा नातू त्याच्यापुढे उभा राहिला. अंगात स्पायडरमॅनचा लाल-निळा ड्रेस. तोंडावरचा मुखवटा मी त्याला उंब्रजलाच काढायला लावला होता, देवाला जातोय म्हणून. त्याने बराच वेळ मूर्ती न्याहाळली आणि विचारलं, "आजी, हा एवढा स्ट्राँग आहे ना? मग हात का जोडतोय?"

"रामाचा दास आहे म्हणून," मी म्हणाले. पण ते उत्तर नव्हतं, नुसती ओळख करून दिली होती. त्याचा 'का' तसाच राहिला.

कराडजवळच्या एका गावात मी 31 वर्षं बालवाडी चालवली. दूरदर्शनवर 'शक्तिमान' 1997 च्या सप्टेंबरात सुरू झाली, तेव्हा सगळी पोरं एक हात वर करून गरागरा फिरायची आणि चक्कर येऊन पडायची. त्यातल्या एकाने पाठीला टॉवेल बांधून गोठ्याच्या भिंतीवरून उडी मारली. मनगट मोडलं. प्लास्टर घातलेल्या पोराला घेऊन त्याची आई आली. म्हणाली, "बाई, तुमचं तरी ऐकेल हा. सांगा याला, शक्तिमान खोटा असतो." मी समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "खोटा नाही बाई. मला अजून जमत नाही."

त्या वेळी मी कपाळाला हात लावला होता. आज वाटतं, साधकाने बोलावं असं ते बोलणं होतं. मालिकेतही शक्तिमानला बळ मिळतं ते योगसाधनेतून, चक्रं जागृत होऊन. भागाच्या शेवटी चांगल्या सवयींचा धडा असे, आणि शक्तिमान साकारणारे मुकेश खन्ना स्वतः मुलांना सांगत की माझी नक्कल करू नका. पोरांनी मात्र त्या सगळ्यातून गिरकी तेवढी उचलली.

उडी तर मारुतीनेही मारली होती. उगवता सूर्य फळ वाटला म्हणून झेपावला, इंद्राचं वज्र लागलं, हनुवटी मोडली. हनुमान हे नाव त्या हनुवटीवरूनच आलं. आपण ज्याच्याकडे बळ मागतो तो देव असा पडून लागलेलं पोर आहे. पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. वाल्मीकि रामायणाच्या उत्तरकांडात ती आहे. देवांनी वर दिले आणि हे पोर कोणालाच आवरेना. आश्रमांत शिरून यज्ञाची पात्रं फोडी, वल्कलं फाडी. ऋषी संतापले, तरी त्यांनी त्याचं बळ काढून घेतलं नाही. फक्त आठवण काढून घेतली. कोणी आठवण करून देईल तेव्हाच तुला तुझं बळ कळेल, असा तो शाप. ती आठवण जांबवानाने करून दिली, समुद्रकाठी, सगळे वानर खचून बसले असताना. आणि ज्या कामासाठी करून दिली, ते काम मारुतीचं स्वतःचं नव्हतं.

योगसूत्रांच्या विभूतिपादात पतंजलींनी सिद्धी सांगितल्या आणि समाधीच्या वाटेत त्या विघ्न ठरतात हेही तिथेच बजावलं. योग्यासाठी ते खरं असेल. लेकराला तोच नियम लावायला माझं मन धजत नाही. ज्याचा हात कडीपर्यंत पोहोचत नाही, कोणी उचललं तर आपलं आपण उतरता येत नाही, कधी झोपायचं हेही दुसरेच ठरवतात, त्याला बळाचं स्वप्न पडणारच. ते स्वप्न हिसकावून घेण्यात धर्म नाही.

माझे सासरे पूजेआधी न्यास करायचे. हृदयाला, मस्तकाला, डोळ्यांना हात लावत देवता आपल्या अंगी आणायची आणि मग पूजेला बसायचं. 2017 साली अमेरिकेतल्या एका प्रयोगाबद्दल वाचलं, तेव्हा मला सासरेच आठवले. 4 आणि 6 वर्षांच्या मुलांना एक कंटाळवाणं काम दिलं. काहींना बॅटमॅनसारख्या आवडत्या पात्राचं रूप घ्यायला लावलं आणि 'बॅटमॅन नेटाने काम करतोय का?' असं स्वतःला विचारायला सांगितलं. ती मुलं सगळ्यांत जास्त वेळ कामाला चिकटून राहिली. त्याच वर्षी 240 लहान मुलांवरचा दुसरा अमेरिकी अभ्यास प्रसिद्ध झाला. सुपरहिरोंत जास्त रमलेली मुलं वर्षभराने जास्त मारकुटी झालेली दिसली. दुबळ्याची बाजू घेणं मात्र वाढलेलं नव्हतं.

मला या दोहोंत विरोध दिसत नाही. पहिल्या प्रयोगातल्या मुलांना रूप देतानाच कोणीतरी काम काय ते सांगितलं होतं. त्यांना जांबवान भेटला होता. स्पायडरमॅनच्या गोष्टीतही काकाच्या मरणानंतर त्या पोराला जबाबदारी कळते, पण चार वर्षांच्या मुलाला तो दुवा लागत नाही. त्याला ठोसा दिसतो. ठोसा कोणासाठी, हे शेजारी बसलेल्या माणसानेच सांगावं लागतं, आणि ते माणूस बहुतेक घरांत त्या वेळी शेजारी नसतं. माझा राग आहे तो यावर, पडद्यावरच्या नायकांवर नाही.

समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी दोन चाफळलाच आहेत. राममंदिराच्या मागे प्रताप मारुती आहे. मी नातवाला तिकडे नेलं. तो लगेच छाती काढून तसाच उभा राहिला. मी राहू दिला. मग त्याला परत पुढे आणलं, हात जोडलेल्या मारुतीपाशी.

"तो रामाला विचारतोय," मी म्हणाले.

"काय?"

"काम काय आहे, कोणाला माझी गरज आहे, ते."

तो काही बोलला नाही. पण या वेळी त्याने हात जोडले; मी सांगितलं नव्हतं.

चाफळला लेकरं घेऊन जाल तर दोन्ही मारुती दाखवा. आधी मागचा, मग पुढचा. आणि लेकरांच्या तोंडावर मुखवटा असेल तर तो राहू द्या. मी काढायला लावला, ती माझी चूक झाली.